माठावरचा अंगठा

नवी सून असताना मी एक मूर्खपणा केला. गावच्या जत्रेत एका माठाच्या गळ्यावर अंगठ्याचा ठसा दिसला. सासूबाईंपुढे शहाणपण मिरवायला मी तो तिथेच विटेच्या तुकड्याने घासून काढला. काय ती ऐट, जणू माठ मीच घडवला होता! कुंभारणीने माठावरची विटेची धूळ पदराने पुसली.

आता जत्रा शनिवार-रविवारी भरते. नातीबरोबर मी गुळाची जिलेबी खाते, बुरडाशी सुपावरून हुज्जत घालते आणि प्रत्येक माठाच्या गळ्यावरून हळूच अंगठा फिरवते.

“आजी, काय शोधतेस गं?”

सगळे माठ गुळगुळीत असतात. मग तेव्हा तो माठ हातात देताना ती कुंभारीण बोलली ते पुन्हा ऐकू येतं: “माझ्या धन्याचा अंगठा होता बाई तो. त्यांची शेवटची भट्टी. ने आता, झाला स्वच्छ.”