चाकाकडे बघणारा माणूस

एक फेब्रुवारीला शाळेच्या ऑफिसातून शिट्टीमामांच्या हातात चार हजार सहाशे पंचाहत्तर रुपये पडले. साडेचार हजार पगाराचे आणि वरचे एकशे पंचाहत्तर लाल कापडाचे.

“कापड कशाला, बाई?” मामांनी मुख्याध्यापिकांना विचारलं.

“शुक्रवारी आपल्याकडे सुपरहिरो दिवस आहे ना. मुलं वेष करून येणार. सुपरहिरोंकडून चांगल्या नागरिकानं काय शिकावं, यावर बोलणार. त्यांचा खरा सुपरहिरो तर रोज फाटकावरच उभा असतो. तुम्ही पाठीवर केप घाला, बाकी काही करू नका.”

“न्हाव्याच्या खुर्चीतून अर्ध्यातच पळून आल्यासारखा दिसेन मी.”

बाई हसल्या, पण कापड घ्यावंच लागलं. मामांच्या बायकोनं ते घरच्या मशीनवर शिवलं आणि बजावलं, “आता उडायला जाऊ नका. संध्याकाळी गुडघा मलाच चोळायला लागतो.”

गुडघ्यामुळेच तर मामा इथे आले होते. त्याआधी सव्वीस वर्षं त्यांनी बस चालवली. गुडघा क्लच दाबेना, तशी नोकरी सुटली आणि शाळेनं त्यांना फाटकासमोरचा रस्ता दिला. एका हातात ‘थांबा’ लिहिलेली गोल पाटी, तोंडात शिट्टी. शाळा भरताना आणि सुटताना मुलांना रस्ता ओलांडून द्यायचा, एवढंच काम; पण मामा ते डोळ्यांत तेल घालून करायचे. ड्रायव्हरच्या तोंडाकडे ते कधी बघत नसत. माणूस हसत मान हलवतो आणि तरी गाडी दामटतो, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. बाजूचा दिवासुद्धा खोटं सांगतो. खरं सांगतं ते फक्त पुढचं चाक. ते जरासं वळलं, जरासं मंदावलं, की गाडीच्या मनात काय आहे ते मामांना कळायचं. मुलांनाही ते हेच शिकवायचे. “कुठं बघायचं?” असं त्यांनी विचारलं की अख्खी रांग ओरडायची, “चाकाकडे!”

शुक्रवारी सकाळी फाटकावर मुखवट्यांची आणि केपांची नुसती दाटी झाली होती. एका पोरीनं तर आईची ओढणी बांधली होती. शाळेची घंटा वाजवणारी मावशी फाटकाशी आली आणि मामांना बघून तिनं तोंडाला पदर लावला.

“हसा, हसा. पगार मिळतो याचा.”

“हसू नको तर काय करू? गाठ सुटायला आलीय तुमची. भर रस्त्यात हिरोचं वस्त्रहरण व्हायचं. थांबा, समोरून सेफ्टी पिन आणते.”

“राहू दे गं.”

पण मावशी गेलीसुद्धा. समोरच्या दुकानातून पिना घेऊन ती पलीकडच्या कडेला उभी राहिली. मामांनी पाटी वर केली, शिट्टी मारली. एक टेम्पो थांबला. टेम्पोच्या मागून एक पांढरी गाडी बाहेर आली. मामांची नजर तिच्या पुढच्या चाकावर गेली. चाक मंदावलं. अगदी स्पष्ट मंदावलं. मामांनी मावशीला हात केला, “या!”

मावशी दोन पावलं आली आणि चाकानं पुन्हा वेग घेतला.

नंतर मामांना आठवत होतं ते सगळं चाकच होतं. डाव्या बाजूच्या पुढच्या चाकावरची चंदेरी टोपी फुटलेली होती, तिचा साधारण पाव भाग गायब होता आणि आतलं काळं लोखंड दिसत होतं. ते फुटकं चंदेरी वर्तुळ गरागरा फिरत कोपऱ्यावरून वळलं. मावशी रस्त्यावर पडली होती. मुलं मुखवट्यांच्या आडून बघत होती.

चौकीवरचा हवालदार वाईट माणूस नव्हता. त्यानं मामांना खुर्ची दिली, चहा मागवला.

“नंबर सांगा.”

“नंबर बघितला नाही.”

“शेवटचे दोन आकडे?”

“नाही हो.”

“ड्रायव्हर बाई की बाप्या?”

“तोंडाकडे बघत नाही मी. चाकाकडे बघतो.” मग मामांनी त्या फुटक्या टोपीचं वर्णन केलं. किती तुकडा गेला होता, कुठून गेला होता, ते हातानं गोल काढून दाखवलं.

हवालदारानं पेन खाली ठेवलं. “मामा, दोन हातांवरून गाडी गेली तुमच्यासमोरून. आणि तुम्ही मला चाकाची टोपी सांगता? पांढऱ्या गाड्या गावात हजारानं आहेत. चाकावर नंबर लिहितात का?” मग त्यांच्या खांद्यावरचं लाल कापड बघून तो जरा ओशाळला. “ते काढून ठेवा आता.”

मावशीचा उजवा पाय मांडीपासून मोडला होता. आत सळई घातली. शाळेत ती रोजंदारीवर. काम नाही तर पैसे नाहीत. बाईंनी वर्गणी काढली, ती ऑपरेशनातच संपली. मावशीचा एक भाचा वकिलाकडे कामाला होता; त्यानं तिच्या लेकीला सांगितलं, गाडी सापडली तर तिच्या विम्यातून पुढचा सगळा खर्च निघेल, बुडालेली मजुरीसुद्धा. नाही सापडली तर हात चोळत बसायचं. टेम्पोवाला तेव्हाच निसटला होता, आणि गाडी नीट बघणारा साक्षीदार एकच होता.

एक नाही, दोन होते. रस्त्यापलीकडच्या पंक्चरवाल्यानं मामांना एके दुपारी दुकानाच्या मागे बोलावलं.

“गाडी त्या बिल्डरची आहे. रोज याच वेळेला जाते इथनं.”

“तू बघितलीस?”

“मागून बघितली. पांढरी. वळताना. त्याचीच, दुसऱ्या कोणाची असणार?” त्यानं नंबर सांगितला, दोनदा. “पाठ करा.”

“मग तूच सांग ना चौकीवर.”

“हे दुकान कोणाच्या जागेत आहे, मामा? त्याच्याच. उद्या माझा बाडबिस्तरा रस्त्यावर. तुमचं तो काय वाकडं करणार? तुम्ही फक्त म्हणायचं, आता आठवलं. पोरं तुम्हाला हिरो म्हणतात. कोणीही विश्वास ठेवेल.”

मामांना तो नंबर पाठ करायची गरज पडली नाही. तो डोक्यात जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी शाळा भरल्यावर ते गुडघा ओढत बिल्डरच्या इमारतीपर्यंत गेले. मनात एकच धावा चालला होता: टोपी फुटकी असू दे. ती फुटकी दिसली की आपण छाती ठोकून सांगू. गाडी दारातच उभी होती. पांढरी होती. मामा वाकून डाव्या चाकाशी गेले. टोपी अख्खी होती, चकचकीत, चेहरा दिसेल अशी. रखवालदारानं हटकलं, “काय हरवलं का, बाबा?”

“नाही,” मामा म्हणाले. “काही नाही.”

पंक्चरवाल्यानं ऐकून कपाळावर हात मारला. “टोपी काय, पाच मिनिटांत बदलतात! हे काम आम्हीच करतो.”

“तू बदललीस?”

“मी नाही. दुसऱ्या कोणी बदलली असेल.”

असेल. नसेलही.

शाळेत व्हरांड्याच्या भिंतीवर सुपरहिरो दिवसाची वाक्यं अजून लावलेली होती. ‘सुपरहिरो नेहमी खरं बोलतो.’ ‘सुपरहिरो दुबळ्यांच्या मागे उभा राहतो.’ दोन्ही एकाच कागदावर, एकाच अक्षरात, एकाखाली एक. मामा त्या कागदासमोर बराच वेळ उभे राहिले. गोष्टीतल्या हिरोचं बरं असतं, त्यांना वाटलं. त्यानं पहिलं केलं की दुसरं आपोआप होतं.

ओढणीची केप बांधलेली ती पोरगी मागून येऊन उभी राहिली होती. “मामा, तुम्ही पाटी दाखवली ना?”

“दाखवली.”

“मग ती गाडी का नाही थांबली?”

“तिला थांबायचं नव्हतं.”

“पण तुम्ही चाकाकडे बघितलं ना?”

“बघितलं गं,” मामा म्हणाले.

मावशी घरी आली तेव्हा मामा भेटायला गेले. खोली एवढीशी, खाट टाकल्यावर चालायला जागा उरत नव्हती. डॉक्टरांनी सांगितलेला वॉकर मामांनीच औषधाच्या दुकानातून भाड्यानं आणून दिला होता. लेकीनं चहा ठेवला आणि स्टोव्हकडे तोंड करूनच बोलली, “मामा, नंबर तुम्हाला कळलाय म्हणतात.”

“कानावर आलाय. मी बघितलेला नाही.”

“आईला ‘या’ म्हणून हात तर तुम्हीच केलात ना?”

“गप गं,” मावशी म्हणाली. मग मामांकडे वळून हळूच म्हणाली, “मी नाही म्हणत खोटं बोला. पण खरं काय, ते तरी तुम्हाला कुठं माहीत आहे? असेलही त्याचीच.”

ती म्हणत होती त्यात चूक कुठे होती? त्यांनी पाय जवळ ओढून घेतले आणि चहा संपवला. मामा उठले तेव्हा मावशी एवढंच म्हणाली, “गुडघ्याला जपा.”

सोमवारी चौकीवर जबाब पुरा करायचा होता. हवालदारानं शेवटचं विचारलं, “काही आठवलं? नीट विचार करा. हे बंद झालं की बंद झालं.”

नंबर मामांच्या जिभेवर होता. मावशीची खोली डोळ्यांसमोर होती, आणि ते चकचकीत अख्खं चाकही होतं. बिल्डर निर्दोष असेल तर त्याच्या गळ्यात आपण हे बांधायचं. दोषी असेल तर आपण त्याला आपल्या हातानं सोडायचं. इकडून तिकडून आपलाच हात.

“पंक्चरवाला म्हणतो, बिल्डरची गाडी. त्याला विचारा.”

“विचारलं. तो म्हणतो, दुकानात वाकून ट्यूब बघत होतो, काही दिसलं नाही.”

हवालदारानं पुन्हा पेन उचललं.

“तुम्ही स्वतः काय बघितलं?”

“चाक,” मामा म्हणाले.

हवालदारानं कागद पुढे सरकवला. मामांनी सही केली. महिन्याभरात प्रकरण बंद झालं. बिल्डरची पांढरी गाडी रोज त्याच वेळेला शाळेवरून जाते. मामांनी पाटी दाखवली की व्यवस्थित थांबते. ती नियमानं थांबते की भीतीनं, ते चाकावरून कळत नाही.

घंटा आता दुसरी बाई वाजवते. मुलं अजून मामांना सलाम ठोकतात. मामा मान हलवतात आणि पुढच्या गाडीकडे बघतात. हल्ली आधी नंबर वाचतात, मग चाक बघतात, आणि त्यात पाटी वर जायला उशीर होतो. मुख्याध्यापिकाबाईंनी दोनदा टोकलं.

मावशीच्या लेकीनं मामांना दारातूनच सांगितलं, आता येत जाऊ नका, आईला त्रास होतो. वॉकर मात्र मावशीला अजून लागतो. त्याच्या मार्चच्या भाड्यातले नव्वद रुपये मामांनी औषधवाल्याला अजून द्यायचे आहेत.