डॉक्टरकाकांच्या इंजिनाची चाकं

मंडळी, दुपारपासून लिहायचं टाळतोय. वाचून पत्र पुढच्या दोस्ताकडे पाठवा.

राहात्याच्या डॉक्टरकाकांनी घरात खऱ्या रुळांच्या प्रमाणात बरोबर, म्हणून नेहमीच्या खेळण्यातल्या रुळांपेक्षा जरा रुंद असे छोटे रूळ टाकलेत. त्यांवर बसावं म्हणून विलायतेचं चिमुकलं इंजिन त्यांनी माझ्याकडे दिलं. शाळा सोडलेल्या माझ्यावर एवढा भरवसा कुणीच टाकला नव्हता.

चाकं आसावर थोडी बाहेर सरकवायची, एवढंच काम. आधी कुठलं चाक कसं वळलंय याच्या खुणा करायच्या होत्या, पण आमच्या पुणतांबा स्टेशनात शिट्टी झाली आणि मी खरं इंजिन बघायला पळालो. आल्यावर खुणा विसरून चाकं उपटली. परत बसवली, तर चाकांना एकमेकांशी जोडणारे दांडे अडकले.

पुन्हा स्टेशनात जाऊन तिथं थांबलेल्या इंजिनाच्या ड्रायव्हरला विचारलं. तो हसला.

"एका बाजूचा दांडा वर असला की दुसऱ्या बाजूचा पुढं पायजे. सगळ्या चाकांना तसंच. तू अंदाजानं बसिवलं व्हय रं?"

व्हय. आता नीट बसवायला गेलो, तर चाक ढिलं होऊन आसावर नुसतंच फिरतंय.

काकांना खरं सांगू का? तुम्ही सांगितलं असतं?

थांबा, दार वाजलं. काका परवा येणार होते, ते आत्ताच आलेत. काखेत टॉवेलात गुंडाळलेलं दुसरं इंजिन आहे, चाकं बाहेर डोकावतायत; तेही माझ्याकडेच द्यायला आणलेलं दिसतंय.