लॅमिनेशनच्या आतली सही

उमरग्यात तहसीलसमोर रसूलचं लॅमिनेशनचं दुकान आहे. तालुक्यात जपण्यासारखं जे काही असतं, त्यावर शेवटी त्याच्या हातून प्लॅस्टिक चढतं. आधारकार्ड, सातबारा, मयताचा फोटो. मुरुमच्या एका गृहस्थानं एकदा पिंपळाचं पान आणलं होतं. रसूलनं कारण विचारलं नाही. तेही गरम रुळांतून काढून दिलं.

त्याच सवयीनं काही वर्षांपूर्वी त्यानं थोरल्या भावाचं, अजहरचं, क्रिकेटपटूच्या चित्राचं कार्ड प्लॅस्टिकमध्ये बंद केलं होतं. अजहर ट्रक चालवायचा आणि थापा मारायचा. दोन्हींत त्याचा हात धरणारा हायवेवर कुणी नव्हता. मुलगी, मदिहा, जन्मली त्या दिवशी तो दवाखान्यात फिरकला नाही. संध्याकाळी उगवला तो केबिनमध्ये खोचलेलं जुनं कार्ड नाचवत. म्हणे, नळदुर्गच्या ढाब्यापाशी खुद्द या कार्डावरच्या गोलंदाजाची गाडी पंक्चर झाली, आपण टायर बदलून दिलं, त्यानं खूश होऊन सही ठोकली.

"एवढा मोठा माणूस रस्त्यात सोडून येऊ व्हय?"

बाळंतीण हुमेरा भिंतीकडं तोंड करून पडली होती. तिनं तोंड वळवलं नाही.

यंदा अजहर झोपेतच गेला. रसूलनं त्याचा फोटो लॅमिनेट केला. आत हवेचा बुडबुडा राहिला नाही ना, एवढं पाहिलं. रडू आलं नाही.

चाळिसावा दिवस झाल्यावर हुमेरा ते कार्ड घेऊन दुकानात आली.

"रसूलभाई, ही सही खरी हाय का बघा."

"आता कशाला, भाभी?"

"मदिहा झाली त्या दिवशी ते कुठं व्हते, तेवढं कळू द्या. मग काय रडायचं ते रडते."

रसूलनं फेसबुकवर सापडलेल्या पुण्याच्या योगीराजला कार्डाचे फोटो पाठवले. तो असली कार्डं जमवायचा. त्याचा लगेच फोन आला.

"पुष्कळ कार्डांवर सही छापूनच यायची. पेनची असेल तर कागदावर दाब लागतो, तो बोटाला कळतो. मग त्याच्या दुसऱ्या सह्यांशी ताडायची. पण हे प्लॅस्टिक कुठल्या शहाण्यानं चढवलं?"

"हाय एक," रसूल म्हणाला.

त्यानं हुमेराला सांगितलं, "सोलायला गेलं तर सही जाईल कदाचित."

"जाऊ द्या."

कडा कापून, मशीनच्या उबेवर धरून त्यानं थर सोलला. प्लॅस्टिक सुटलं, त्याच्यासंगं सहीही सुटली. कार्डावर गोलंदाज तसाच उभा होता, छाती तेवढी कोरी. प्लॅस्टिकवर तुटक निळ्या रेघा.

"छापलेली न्हाय. असती तर गोलंदाजासंगं कार्डावरच राहिली असती."

"म्हंजे पेनची."

"व्हय."

"कुणाच्या हातची?"

रसूलनं रेघा उजेडात धरल्या. त्यांत गोलंदाज बसत होता, अजहर बसत होता, प्रयत्न केला असता तर रसूलही बसला असता.

"आता न्हाय कळायचं."

हुमेरा बाकावर बसून राहिली. "वाटलं व्हतं, आज तरी रडू येईल," ती म्हणाली. मग ओढणी सारखी करून उठली. "बंद करा परत. मदिहाला गोष्ट सांगताना ते लागतं."

"काय सांगता तिला?"

"ढाब्याचंच. तिला लई आवडतं."

रसूलनं तुटक सहीचं प्लॅस्टिक कार्डावर जमेल तसं जुळवलं, दोन्ही नव्या पाऊचात घातलं. मशीन एव्हाना निवलं होतं. ते तापून दिवा हिरवा व्हायची दोघंही वाट बघत राहिली.