मेणाचा खडू
गरम इस्त्रीखाली मेणाचा खडू वितळल्याचा वास इथं तिरुपूरच्या कपड्यांच्या कारखान्यात आला, की आजही माझी कानशिलं तापतात. आठवीत शाळा सुटली आणि मला सोलापुरात मामाकडं धाडलं. तिथल्या भवानी पेठेत तो शाळेचे गणवेश शिवून घ्यायचा; मलाही एका मशीनवर बसवलं. एका दुपारी लाईट गेली, मशिनी थांबल्या. घामानं खाकी कापड हाताला चिकटत होतं. शेजारच्या मशीनवरची तेलुगू अक्का म्हणाली, "तुला खरं काय पाहिजे गं? बोलायला लाज वाटत असली तर लिही की." कापडावर खुणा करायच्या मेणाच्या खडूनं मी चिंधीवर लिहिलं, 'मला दहावी पास व्हायचंय.' लाईट आली, इस्त्री तापली आणि मामाची नजर चिंधीवर गेली. त्यानं ते सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. "लई मोठी साहेबीण होणार हाय ही," म्हणत त्यानं वरनं इस्त्री फिरवली. मेण वितळलं, अक्षरं गेली. "बघ, झालीस पास." सगळे हसले. अक्का हसली नाही. मामाची पाठ वळताच तिनं तीच चिंधी माझ्या मशीनखाली सरकवली आणि लाल दोरा पुढं केला. "आता दोऱ्यानं लिही. इस्त्रीनं जात न्हाय ते." दात आवळून मी एकेक अक्षर वेडंवाकडं शिवलं. ती चिंधी मी जपून ठेवलीय, अक्काचे उपकारही विसरले नाही. यंदा बाहेरून दहावीचा फॉर्म भरलाय. रोज पाळी संपली की गणितं सोडवत बसते. परीक्षेची शाळा मी मुद्दाम सोलापुरात, भवानी पेठेतलीच मागितलीय. तिथल्या पोरांचे गणवेश अजून मामाच शिवतो.