लाकडी बैलाच्या मागे

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात मुलांचा तान्हा पोळा असतो. त्यासाठी सीताबर्डीच्या रस्त्याकडेला एक सुतार लाकडी बैल करत बसायचा. बैलाचे डोळे रंगवताना तो स्वतःचेही डोळे मोठ्ठे करायचा.

सत्तर सालच्या आसपास, पोलिओनं माझा पाय लुळा पडल्यावर बाबांनी त्याला पांगुळगाडा करायला सांगितला. मला कडेवर घेऊन ते आणायला गेले, तर त्यानं बैलच केला होता. खाली चाकं, पाठीवर धरायला दांडा. मी भोकाड पसरलं. सगळी मुलं दोरीनं बैल ओढत पुढे चालणार आणि मी तेवढी मागून ढकलत!

"काहून रडून राहिली वं माय?" शिंगांना बेगड चिकटवत तो म्हणाला. "वावरात बैलाच्या पुढं कोन चालते? मालकीन त मांगंच राह्यते."

मी दांडा धरला. घुंगरं वाजली. पिवळ्या उन्हात रस्ता नांगरलेल्या वावरासारखा मऊ लागला. बैल जाईल तिकडे, पाय ओढत, मी जणू तरंगत होते. मग वळून पाहिलं. बाबा बरेच मागे राहिले होते. त्यांचे हात अजून मला कडेवर घेतल्यासारखेच वाकलेले होते.