न भरलेल्या वर्गाची हजेरी

मला शिकवलं ते सुकापूरच्या काकूंनी, हे आधी सांगून टाकते. पुढचं वाचून कुणाला वाटायला नको की मला केंद्रानं पास केलं. केंद्रानं माझ्याकडून फक्त सह्या घेतल्या.

मी हिंगोलीकडची. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. लग्न होऊन पनवेलला आले आणि पुढे जासईच्या एका कंटेनर यार्डाच्या गेटवर सिक्युरिटीत लागले. काम नोंदीचं. गाडीचा नंबर, सील, आत शिरल्याची वेळ. साहेब म्हणाले होते, "दहावीच्या तोडीचा कागद आणा, शिफ्ट इनचार्ज करतो. या वर्षात नाही जमलं तर बाहेरून माणूस घेणार." म्हणून शाळा सुटलेल्या मोठ्या माणसांसाठी दर रविवारी वर्ग घेणाऱ्या एका केंद्रात नाव घातलं. दोन वह्यांना खाकी कव्हर घातलं. चौतिसाव्या वर्षी पहिलीत निघाल्यासारखं वाटत होतं.

पहिल्या रविवारी पाहते तर वर्गाला कुलूप. बाहेर व्हरांड्यात टेबल, टेबलामागे क्लार्क आणि पुढे वीसेक माणसांची रांग. माझ्या पुढे सुकापूरच्या, साठी ओलांडलेल्या एक काकू होत्या, हातात कापडी पिशवी. त्यांच्या भातशेतीवर आता टॉवर उभे आहेत. रांगेत त्यांनी माझी सगळी चौकशी केली, साहेबांच्या अटीसकट. त्यांना स्वतःला कागद कशालाच नको होता. सातवीला मिठागरावर कामाला जावं लागलं आणि पुढचं पुस्तक बघायचं राहिलं, म्हणून आल्या होत्या.

क्लार्कनं कागद पुढे सरकवला. त्यावर परीक्षेपर्यंतच्या सगळ्या रविवारांच्या तारखा छापलेल्या.

"सगळ्या सह्या आजच करून टाका, परत यायची कटकट नको. दोन-दोन सह्यांनी पेन बदला, एकसारखं दिसायला नको."

"आन् वर्ग?" काकूंनी विचारलं.

"वर्ग कसला, काकू. झेरॉक्सवाल्याकडे नोट्स तयार आहेत."

"पुढच्या रविवारी मी येनार का नाय ते मलाच ठाव नाय. तुमाला कसं ठाव?"

रांग हसली. क्लार्कही हसला. "या वयात कशाला टेन्शन घेता? नातवंडं खेळवा."

"नातू खारघरला इंजिनेर शिकतोय. मला बघून मोबाईल उपडा ठेवतो. त्याला काय खेलवू?"

"ओ काकू, आटपा ना," मागून कुणीतरी म्हणालं. "आम्हाला पण सुट्टी आजच असते."

"हजेरी नाही तर हॉल तिकीट नाही," क्लार्क म्हणाला. "तुमची मर्जी."

काकूंनी पेन खाली ठेवलं. "मंग नको."

आता माझी पाळी. न आलेल्या गाडीची वेळ मी गेटवर लिहिली तर त्याच दिवशी घरी बसेन, आणि तसं करणाऱ्या एकाला मीच पकडून दिलं होतं. माझा हात थांबलेला काकूंनी पाहिला.

"कर सही, बाय. तुझी नोकरी अडलीय, माजं काय अडलंय? आन् शिकायला माज्या घरी ये."

मी सह्या केल्या. चौदा. सांगितल्याप्रमाणे पेनं बदलत. त्या दिवशी हात धुतला तरी जेवण गेलं नाही, आणि आज हे लिहितानाही शिसारी येते. भीतीही वाटते, कुणी तो कागद काढला तर.

परीक्षेपर्यंतचे सगळे रविवार मी काकूंच्या पडवीत काढले. आधी तांदळाची भाकरी आणि सुकट, मग अभ्यास. त्यांची पद्धत एकच. मी धडा वाचायचा, मिटायचा आणि त्यांना सांगायचा. "मला नाय समजलं. म्हंजे तुला पन नाय समजलं. परत सांग." अपूर्णांकांना तीन रविवार गेले. बाष्पीभवनाचा धडा मात्र त्यांनी मला सांगितला. कोंडीत, म्हणजे मिठाच्या वाफ्यात, भरतीचं पाणी कसं घ्यायचं, ऊन कसं राखायचं, पाणी उडून मीठ कधी धरतं. परीक्षेत मी तेच लिहिलं.

परीक्षेआधी केंद्रानं फोटोला बोलावलं. वर्ग भरल्याचा पुरावा म्हणून चौदा वर्गांचे फोटो एका सकाळी. फळ्यावरची तारीख पुसायची, नवी लिहायची. "मॅडम, ओढणी काढून ठेवा, मागच्या बाकावर जा." कधी न पाहिलेले एक सर हातात खडू धरून तारखेखालच्या कोऱ्या फळ्याकडे बोट दाखवत उभे होते. हिवाळा दिसावा म्हणून एकाला स्वेटर घालायला लावला, बिचारा घामानं निथळत होता. सगळे हसत होते. मी पण हसले, त्याचीच जास्त किळस येते.

निघताना क्लार्कला गाठलं. म्हटलं, सर, त्या काकूंचं हॉल तिकीट सोडा ना, माझ्याहून जास्त अभ्यास त्यांचा झालाय. त्यानं कागद काढून माझ्यासमोर ठेवला. काकूंची ओळ कोरी होती.

"कर ना तूच त्यांच्या सह्या. कोण बघतंय?"

पेन माझ्या हातात होतं. माझ्या डोक्यात एवढंच की काकूंचं वर्ष वाचेल. स्वतःच्या नावाचं मी खोटं केलंच होतं. पण ज्या बाईनं वर्ष घालवलं पण खोटी सही नाही केली, तिच्या नावावर ती घाण मी कशी सांडू? कागद परत दिला.

संध्याकाळी काकूंना सगळं सांगितलं. त्या मासे साफ करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "केली असतीस तर या पडवीत पाय ठेवू दिला नसता गो."

मी पास झाले. इनचार्जही झाले. साहेबांनी कागद पाहिला आणि फाईलला लावला, वर्ग झाला का हे कुणी विचारलं नाही. पेढे घेऊन गेले तेव्हा काकूंनी एक खाल्ला आणि पुढच्या वर्षीचं इंग्रजीचं पुस्तक मागितलं.

शिकवलं त्यांनी, पास झाले मी; त्यांचं एक वर्ष माझ्याकडे देणं राहिलंय. इथून खोपोलीपर्यंत जिथे म्हणून असं केंद्र आहे तिथे जाऊन मी रविवारी खिडकीतून बघून येते, आत कुणी शिकवतंय का. एक तरी सापडेल. तिथे काकूंना मी स्वतः घेऊन जाईन, दर रविवारी ड्युटी बदलून शेजारी बसेन, आणि त्या खऱ्या हजेरीवर सही करून परीक्षेला बसेपर्यंत सोडणार नाही. हे मी फेडीन.