कापडाच्या कात्रीनं कापलेली बाग

शिंपीकाकांनी दुकानापुढची बाग आधी खडूनं जमिनीवर आखली. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल आणि गुडघे टेकून चाललेलं ते काम बघून येणारेजाणारे विचारत, "काका, जमिनीला सदरा शिवताय का?"

"नाही, लेंगा," काका मान वर न करता म्हणत.

लेक दूरदेशी नर्स होती. रजा कधी मिळेल ते तिलाच ठाऊक नसायचं. चार वर्षांत एकदाही मिळाली नव्हती. मग काकांनी मनाशी ठरवलं, पोर कुठल्याही महिन्यात येवो, दारात काहीतरी असलंच पाहिजे. एकदा फुलून मरणारी रोपं त्यांनी घेतलीच नाहीत. मुळं धरून राहतील आणि दरवर्षी आपली आपण उगवतील अशीच आणली. उन्हाळ्याला लिली, तिच्यामागून निशिगंध, थंडीला शेवंती आणि या सगळ्यांच्या मधून, अस्तर लावावं तसं, कमरेएवढं गवत. रांग नाही, वाफा नाही; माळावर आपोआप उगवलं असावं, असं. शेवंती संपली की एकच महिना पोकळ उरे. त्या महिन्यासाठी काका वाळलेले तुरे आणि बोंडं तशीच उभी ठेवत. सकाळच्या उन्हात ते गवत तांब्याच्या तारेसारखं चमके. चिमण्या बी टिपायला येत.

काकांची थोरली बहीण, आक्का, हे बघून कपाळाला हात लावी.

"लोकांच्या दारात फुलं, आमच्या दारात केरसुणी! तीही उलटी रोवलेली!"

"आक्का, झोपलीय ती बाग."

"मग पांघरूण घाल तिला!"

दर रविवारी लेकीचा फोन यायचा. काका घसा खाकरून सुरू करत, "आज लिली उमललीय बरं का."

"अरे वा, बाबा."

"निशिगंधाला तीन दांडे आलेत."

"हो का?"

इतकंच. 'कधी येतेस' हे काही त्यांच्या तोंडून निघत नसे. आक्का आतून ओरडे, "अरे, लिलीचं काय सांगत बसलास, बोलाव की तिला!"

आणि नेमक्या त्या पोकळ महिन्यात लेकीचा फोन आला, "उद्या येतेय. दोनच दिवस." काका कापड आणायला बाजारात गेलेले, फोन आक्कानं घेतला. पोर येतेय आणि दारात हा केर! आक्कानं पदर खोचला, हाताला लागली ती कात्री उचलली आणि तासाभरात अख्खी बाग भुईसपाट केली.

काका परतले. ती कात्री कापडाची होती. तिला साधा कागद लागला तरी घरात तीन दिवस अबोला चाले. आज काकांनी कात्रीबद्दल चकार शब्द काढला नाही. तेव्हा मात्र आक्कानं खोचलेला पदर सोडला.

"उद्या येतेय रे पोर," ती पुटपुटली. "म्हणून केलं."

काकांनी कचऱ्यातून एकेक काडी निवडली, बुडख्याशेजारी रोवली, चार-चार एकत्र धरून दोऱ्यानं बांधली. आक्का दोरा तोडून देत राहिली आणि तोंडही चालवत राहिली. "ही वाकडी. ती डावीकडे घे. अरे, तुरा वर कर, डोक्यावर उभी केलीस तिला!"

लेक आली. बॅग खाली ठेवून बागेपाशीच थांबली. एक तुरा तिनं हलकेच ओढला, तो अख्खा जुडगा हातात आला. खाली बापाची गाठ, कॉलरच्या बटणाला असते तशी.

"बाबा, बाग शिवलीत?"

"तुझ्या आत्यानं उसवली होती."

तिघंही हसली. हसता हसता लेक पायरीवर बसली, तो जुडगा मांडीवर घेऊन.

"फोनवर तुम्ही नुसती फुलं सांगता," ती म्हणाली. "मला वाटायचं, यांचं छान चाललंय. माझ्यावाचून काही अडत नाही."

काकांनी जुडग्याची सैल गाठ पुन्हा आवळली. दोन दिवस संपले, ती गेली. तिसऱ्या दिवशी वाऱ्यानं सगळ्या काड्या आडव्या केल्या.

रविवारी फोन वाजला.

"काय आहे बागेत, बाबा?"

काकांनी घसा खाकरला. बाहेर नुसते बुडखे होते.

"काही नाही," ते म्हणाले. "तू कधी येतेस?"

आक्का स्वयंपाकघराच्या दारात चमचा तसाच हातात धरून उभी होती, कधी नव्हे ती गप्प. काकांनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.